तुळतुळीत जागा

औषधांच्या दुकानात उभी होती तोवर ती फार्मासिस्ट होती. आता दिवसभर कानाला हेडफोन लावून बसते, तर लोक तिला फोनवाली ताई म्हणतात. काम एकच: अनोळखी माणसांची सिगारेट सोडवायची. नवऱ्याची तिला सोडवता आली नव्हती, पण हा अनुभव अर्जात लिहिण्यासारखा नव्हता.

यादीत सध्या एक शिंपी होता. डाव्या पायाची रक्तवाहिनी तुंबलेली. सर्जनने बजावलं होतं, महिनाभर सिगारेट बंद असेल तरच ऑपरेशन. नाहीतर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. ताईने कातडीवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या घरपोच पाठवल्या आणि दर तीन दिवसांनी फोन लावला. समोर छापील प्रश्न. पट्टी रोज लावता? लावतो. नवी लावताना जुनी काढता? काढतो. तलफ कमी झाली?

"कसली कमी, ताई! काल पाच ओढल्या, परवा सात. तुमची पट्टी निव्वळ शोभेची."

विसाव्या दिवशी तो बोलता बोलता रडायलाच लागला. "अंगठा काळा पडलाय. मी मशीन कुठल्या पायाने मारू?"

मागून बायको कडाडली, "रडताय काय! त्यांना सांगा, मी रोज स्वतः चिकटवते, पोटरीवर!"

"कुठल्या पोटरीवर?" ताईने विचारलं.

फोन बायकोने हिसकावला. "दुखऱ्या. तुम्हीच म्हणालात ना, केस नसलेली जागा बघा? हे म्हणजे नखशिखांत अस्वल. तेवढी एक पोटरी तुळतुळीत झालीय."

रक्त पोचत नाही म्हणून केस गळाले होते, आणि नेमक्या त्याच जागी औषध रक्तात शिरायची वाट बघत वीस दिवस बसलं होतं. 'केस नसलेली जागा बघा' हे वाक्य ताईचंच. 'कुठे' हा प्रश्न छापील यादीत नव्हता. तिलाही सुचला नव्हता.

"दंडावरचे केस कात्रीने कापा, वस्तरा नको. पट्टी तिथे लावा. आत्ता. मी सर्जनशी बोलते."

लगेच तिने सर्जनच्या दवाखान्यात फोन लावला. चूक माझी आहे, महिना आजपासून धरा, म्हणाली. तिथल्या बाई फार नम्र होत्या. "चूक तुमची, हे लिहून घेते. पण मॅडम, त्या अंगठ्याला थांबायला कोण सांगणार?"

तासाभराने तिने शिंप्याला फोन केला.

"एक तास झाला, ओढली नाही," तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"दुसरा तास सुरू करा," ताई म्हणाली.