मामांचा मुहूर्त आणि हिरडीतला पट्टा

"साखरपुडा झालेल्या पोरीला पातं लावायचं न्हाई," मामा म्हणाले. "तारा काढा आन् मोकळी करा."

खुर्चीत त्यांची भाची बसली होती, केंदूरची पूजा. मी शिरूरला दात सरळ करण्याचं काम करतो. पूजाच्या पुढच्या दोन दातांमधली फट बुजवायला दीड वर्ष लागलं होतं. हसताना तोंडावर हात धरायची सवय तिने नुकती सोडली होती.

फटीचं कारण वरच्या ओठाच्या आत होतं. तिथून हिरडीकडे एक पडदा येतो. आम्ही त्याला फ्रेनम म्हणतो. पूजाचा फ्रेनम जाड होता, पट्ट्यासारखा थेट दोन दातांमध्ये उतरलेला. तो तसाच ठेवला तर जवळ आणलेले दात बहुधा पुन्हा सरकतात. म्हणून फट बुजली की तारा काढण्याआधी तो कापायचा. जागा बधिर करून पंधरा मिनिटांचं काम, दोन-तीन टाके.

हे मी मामांना आरसा धरून समजावलं. मामा सोसायटीचे चेअरमन. ऐकून घेण्याची सवय सुटलेली. त्याच आठवड्यात त्यांनी पूजाच्या कानाला दुसरं भोक पाडून आणलं होतं. ते सोनाराने पाडलं, म्हणून शास्त्राला चाललं.

हिरड्यांची कामं माझी पत्नी करायची. तिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. पूजाच्या फाइलवर तिच्या लाल पेन्सिलीतली ओळ होती: 'कापल्याशिवाय तारा काढू नये.' ती असती तर मामा दवाखान्याबाहेर पायऱ्यांवर बसले असते. मी ओळ वाचली आणि तारा काढल्या. वाद घालायचं त्राण नव्हतं, हे कारण आहे, सबब नाही.

दातांच्या मागे एक बारीक तार चिकटवून दिली. ती तिसऱ्या केळवणाच्या दिवशी दातांनी ऊस सोलताना निघाली. लग्नानंतर बघू, असं मामांनी ठरवलं. लग्नाला दहा दिवस राहिले तेव्हा फट परत दिसू लागली, आणि मामा तिला घेऊन तावातावाने आले.

"तुमचं काम कच्चं निघालं, डॉक्टर."

"मामा, तुम्ही जरा बाहेर बसा," पूजा म्हणाली. तिचा हात पुन्हा तोंडावर होता. मामा उठेनात. ती थांबून राहिली. शेवटी ते उठले.

"सर, परत तारा लावा. आन् ह्या वेळी मॅडमनी लिहिलंय तसं करा." खुर्चीशेजारच्या फाइलवरची ओळ तिने पहिल्याच वेळी वाचली होती.

लग्न तारांसकट झालं. चौकातल्या फ्लेक्सवर नवरीचं तोंड मिटलेलं आणि मामांचे बत्तीसच्या बत्तीस दात उघडे. फट बुजल्यावर ती नवऱ्याला घेऊन आली आणि मी पट्टा कापला. चौदा मिनिटं, दोन टाके. मामाही आले होते. "एवढंच व्हय?" म्हणाले.

पूजाचे दात आज जागेवर आहेत. फाइलवरची लाल ओळ मी आता पेशंटला मोठ्याने वाचून दाखवतो. मामालोक त्या वेळी बाहेर असतात.