ऑपरेशन सोडून बाकी सगळं

गोजरबाईच्या पोटात गाठ निघाली ही बातमी कऱ्हाटीत खुद्द गोजरबाईच्या आधी पोचली. त्याला कारण म्हाळसा. बारामतीहून येणाऱ्या एसटीत ती शेजारच्या सीटवर होती. गाडी फाट्यावर पुरती थांबलीही नव्हती, तर म्हाळसेनं खाली उडी टाकली. गोजरबाई बाजाराची थैली सावरत, कंडक्टरला दोन शब्द सुनावत उतरेपर्यंत फाट्यावरच्या हॉटेलातली माणसं हळहळायलाही लागली होती.

पण हळहळ करायची कुणाकडं बघून? गाठ निघालेल्या बाईचं तोंड कसं उतरलेलं असावं. गोजरबाईचं तोंड असं खुललं होतं, जणू पोराला कारखान्यावर कायमची नोकरी लागली. काळी फिल्म तिनं पिशवीत न ठेवता छातीशी धरली होती, दिसायला नको का चार माणसांना!

झालं होतं ते इतकंच. त्या हिवाळ्यात रामहरीच्या शेतावर हुरडा होता आणि गोजरबाईला हुरड्यापुढं भान राहत नाही. पोट दुखायला लागलं. बारामतीच्या डॉक्टरला मुतखड्याची शंका आली, म्हणून सोनोग्राफी केली. मुतखडा काही निघाला नाही. हुरडा दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेनं निघून गेला. पण गर्भाशयाला लागून मोठ्या लिंबाएवढी गाठ दिसली. बायकांच्या डॉक्टरला दाखवा, असं सांगून त्यांनी तिला वाटेला लावलं.

आता ही बाई खूश का, हे समजायचं तर आदल्या वर्षीचं कुशाबाईचं ऑपरेशन माहीत पाहिजे.

कुशाबाई म्हणजे रामहरीची बायको, घर गोजरबाईच्या घराला लागूनच. रामहरी ऊसवाला, कारखान्याचा सभासद. कुशाबाईची गर्भाची पिशवी इंदापूरला काढली, आणि परत आल्यावर तिची कॉट सोप्यात अशी मांडली की रस्त्यानं जाणाऱ्याला आधी कॉट दिसावी, मग घर. डोक्याला फडकं, अंगात मोठ्या फुलांचा गाऊन. गावातला हा पहिलाच गाऊन, त्यामुळं तब्येतीची चौकशी करायला आलेल्या निम्म्या बाया गाऊन बघायला आलेल्या. बिस्किटांचे पुडे, केळी, शहाळी यांचा ढीग. सव्वा महिना तिनं हंडा उचलला नाही की खराट्याला हात लावला नाही.

आणि एका सकाळी अख्ख्या आळीनं डोळ्यांनी पाहिलं, की मिशीवाल्या रामहरीनं स्वतः चूल पेटवली, स्वतः चहा केला आणि कपबशीतून बायकोच्या हातात दिला.

हे गोजरबाईच्या काळजात रुतलं. कुशाबाईला आधी दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की ती भिंतीला धरून चालायची, तिला रक्ताच्या बाटल्या द्याव्या लागल्या होत्या, हे गोजरबाई सोयीनं विसरली. लक्षात राहिला चहा.

तिचा नवरा म्हस्कू म्हणजे वाडवडिलांपासून मेंढरांमागं फिरलेल्या घरातला माणूस. आता मेंढरं गेली, शेती आली, चार शेळ्या उरल्या. बोलणं असायचं ते शेळ्यांशी. बायकोशी दिवसाला तीन शब्द: "भाकर", "पाणी" आणि "व्हय". लग्न होऊन नातवंडाची वेळ आली, पण म्हस्कूनं चुलीपुढं बसून काही केलं असेल तर बिडी पेटवली.

"आता बघ," गोजरबाई सून मनिषाला म्हणाली, "माझी बी कॉट पडती का न्हाय सोप्यात!"

"आत्या, आसं वंगाळ नका बोलू," मनिषा घाबरून म्हणाली.

"वंगाळ काय त्यात? कुशीनं काय पुण्य केलंय जास्तीचं?"

दुसऱ्याच दिवशी कुशाबाई तिला इंदापूरला आपल्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यानं फिल्म खिडकीकडं धरली, गोजरबाईकडं धड बघितलंही नाही. "काढून टाकू. उद्या कॅन्सर झाला म्हणजे? मंगळवारी या." झाली तपासणी. येताना बारामतीत उतरून दोघींनी गाऊन घेतला, कुशाबाईच्यापेक्षा मोठ्या फुलांचा.

मग जी धांदल उडाली! सव्वा महिना पडून राहायचं तर मागं घर नीट राहायला नको? गोजरबाईनं सव्वा महिन्याचं दळण दळून आणलं. आल्यागेल्यानं सोप्यातली भिंत बघायची, म्हणून तिला चुना लावला. गोधड्या धुतल्या. अशक्तपणावर डिंकाचे लाडू लागतात, आणि सुनेच्या हाताला ती चव नाही, म्हणून आपल्या आजारपणाचे लाडू आपणच वळले. बाभळ तोडून जळण रचून ठेवलं. भेटायला येणाऱ्यांना धीर निघेना, ते ऑपरेशनाच्या आधीच येऊ लागले, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला तीच उठत होती. इतकं काम तिनं आपल्या लग्नातही केलं नसेल.

शेजारची सारजा फिल्म बघून म्हणाली, "मला तर ह्यात बोकड दिसतोय."

"आगं उलटी धरलीस!"

सारजेनं फिल्म फिरवली. "आता बी बोकडच हाय. पाय वर केलेला."

सगळ्या आळीत एकटा म्हस्कू तेवढा गप्प. तो नेहमीच गप्प असायचा, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण कॅन्सर हा शब्द ऐकल्यापासून त्याची भाकरी अर्धी झाली होती. रविवारी रात्री जेवता जेवता तो एकदम म्हणाला, "उद्या बारामतीला जायाचं."

"का?"

"दुसऱ्याला दाखवायचं."

"आवं, मंगळवार ठरलाय. लाडू झाल्यात!"

"शेळी घ्यायची झाली तरी मी दोघांस्नी दाखवतो. एक दात बघतो, एक खूर बघतो." एवढं लांब वाक्य म्हस्कूच्या तोंडून आलेलं पाहून पोरगा नागेश खाली बघून हसला. शेळीच्या पंगतीत बसवलं याचा राग धरावा, की माणूस आपल्यासाठी एवढं बोलला याचं कौतुक करावं, गोजरबाईला ठरवता येईना.

बारामतीच्या डॉक्टरीणबाई वयानं तरुण, पण घाई नाही. त्यांनी आधी गोजरबाईला बसवलं, फिल्म नंतर हातात घेतली.

"मावशी, पाळी नियमित येते?"

"येती की."

"अंगावरून जास्त जातं? गाठी पडतात?"

इथं गोजरबाईच्या ध्यानात आलं की परीक्षा चालू आहे आणि आपण नापास होतोय. "जातं की," ती म्हणाली. "लई जातं. कंबर दुखती. डोळ्यापुढं काजवं चमकत्यात. चालवत न्हाय."

"खोटं बोलती, बाई," म्हस्कू कोपऱ्यातून म्हणाला. "परवा बाभळ तोडली हिनं. आख्खी."

"तुमी गप बसा!"

डॉक्टरीणबाईंनी आत नेऊन तपासलं. बोटाला टोचून रक्त बघायला पाठवलं, ते चांगलं निघालं. लघवीला त्रास? नाही. ओटीपोटात ओढ, जडपणा? नाही. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"मावशी, अशा गाठी पुष्कळ बायकांना असतात. कितीतरी जणींना जन्मभर कळतही नाही. यांचा कॅन्सर होणं फार फार क्वचित. तुम्हाला त्रास नाही, रक्त चांगलं आहे, आणि पाळी जायला आता थोडीच वर्षं राहिली. पाळी गेली की ही बहुतेक आपोआप आक्रसते. ऑपरेशन म्हणजे भूल आली, पोट कापणं आलं, त्याचाही धोका असतो. तो विनाकारण कशाला घ्यायचा? सहा महिन्यांनी मला दाखवा. मधेच अंगावरून जास्त जायला लागलं, पोट वाढलं, लघवीला त्रास झाला, तर सहा महिने थांबू नका, लगेच या."

म्हस्कूनं इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. गोजरबाईचे मात्र डोळे भरून आले.

"म्हंजी माझं ऑपरेशन न्हायच?"

"अहो, ही आनंदाची गोष्ट आहे!"

"पर कुशीचं केलं की!"

"त्यांना त्रास असेल. त्यांना गरज असेल."

"मला बी गरज हाय."

"कसली?"

आणि मग फिल्म मांडीवर ठेवून, पदर तोंडाला लावून, गोजरबाईनं खरं काय ते सांगून टाकलं. "बाई, मला पडायचं हाय. कॉटवर. लगीन होऊन आल्यापास्नं मी दिवसाउजेडी आडवी झाली न्हाय. बाळंतपणात झाली तेवढीच. आन..." तिनं म्हस्कूकडं बोट केलं, "ह्यांच्या हातचा च्या प्यायचाय."

म्हस्कू आपल्या वहाणांकडं असा बघत राहिला, जणू त्या आजच पायात आल्या. डॉक्टरीणबाईंना हसू आलं होतं, पण त्यांनी ते आवरलं.

"पोट तुमचं आहे, मावशी, ठरवायचं तुम्हीच. उद्या मंगळवारी इंदापूरला गेलात तर मी अडवणार नाही. फक्त एवढं बघा, चहासाठी पोट कापून घेताय."

स्टँडवर गाडीला वेळ होता. म्हस्कूनं न विचारता दोन कप चहा आणला. गोजरबाईनं बघितलं. "ह्यो हाटेलाचा. ह्यो धरायचा न्हाय," म्हणाली, पण प्यायली. मग इंदापूरच्या फलाटाकडं तोंड करून बसली. मनात हिशोब चालू होता. दळण झालंय. चुना लागलाय. गोधड्या धुतल्यात. लाडू डब्यात, जळण कुडाला, गाऊन घडी घालून फडताळात. पाव्हण्यारावळ्यांना सांगून झालंय. राहिलं काय? राहिलं एक ऑपरेशन. आणि ज्याची गरज नाही असं डॉक्टरीण सांगते, ते तेवढं एकच!

तिनं मांडीवर थाप मारली. शेजारची बाई दचकली.

"चला घरी. म्या ठरवलंय."

मंगळवारी सकाळी कऱ्हाटीच्या आळीला वाटलं, गोजरबाई इंदापूरला टेबलावर असेल. म्हणून कुशाबाई दाराशी आली ती नुसती मनिषाला धीर द्यायला. बघते तर सोप्यात चुन्याच्या भिंतीला लागून कॉट, कॉटवर गोजरबाई, डोक्याला फडकं, अंगात मोठ्या फुलांचा गाऊन, उशाला लाडूचा डबा.

"आगं बया! झालं बी ऑपरेशन? कवा?"

"न्हाय गं. बारामतीची डॉक्टरीण गरज न्हाय म्हणली. ऑपरेशन सोडून बाकी सगळं चालू हाय."

कुशाबाई मटकन उंबऱ्यावर बसली. तोवर सारजा आली, म्हाळसा आली, बिस्किटाचे पुडे आले. परत न्यायचे कसे, म्हणून ठेवले. आणि सगळ्यांच्या देखत आतल्या चुलीतून धूर यायला लागला. बऱ्याच खोकण्यानंतर म्हस्कू बाहेर आला. मिशीला राख, दोन्ही हातांत धरलेली बशी. त्यांच्या घरात सभासदासारखी कारखान्याची साखर कुठली? गूळ घातला होता, शेळीचं दूध ओतलं होतं, आणि सगळं मिळून फुटलं होतं. बशीत पाणी एकीकडं आणि चोथा एकीकडं.

"घे," म्हस्कू म्हणाला. रोजच्या तीन शब्दांत हा चौथा.

बाया श्वास रोखून बघत होत्या. गोजरबाईनं बशी तोंडाला लावली. एक घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला, चोथा दातांखाली चावला आणि कुशाबाईकडं बघून म्हणाली, "लई फक्कड झालाय!"

"मला कापून घेतल्यावर मिळाला," कुशाबाई पुटपुटली. "हिला असाच."

सव्वा महिना काही निभला नाही. पाचव्या का सहाव्या दिवशी मनिषानं अंगण झाडताना कोपरा सोडला. ते कॉटवरून दिसलं, आणि गोजरबाई गाऊनसकट खराटा घेऊन अंगणात उतरली. पण सहा महिन्यांनी ती न चुकता बारामतीला गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, विचारपूस केली. गाठ होती तेवढीच होती, त्रास काही नव्हता.

"छान. पुन्हा सहा महिन्यांनी या."

गोजरबाई उठली. म्हस्कू मात्र दारात घुटमळला, टोपी काढून पुन्हा घातली.

"बाई, मग त्यो च्या चालू ठेवायचा का बंद करायचा?"

"कधी करता?"

"येरवाळी, उजाडताना. रोज."

डॉक्टरीणबाईंनी गोजरबाईकडं बघितलं. गोजरबाईनं खिडकीकडं बघितलं.

"चालू ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ऐकलं न्हवं?" गोजरबाई पदर सावरत म्हणाली. "आन आता रामहरीकडनं वाटीभर साखर आणा."