पाठ टेकून पाहिलेली भिंत

रस्त्याकडेला मातीचा भराव धरून ठेवणारी भिंत दिसली, की कांबळे मॅडम गाडी थांबवायला लावायच्या आणि उतरून तिला पाठ टेकून उभ्या राहायच्या. साडीला धूळ लागो, ट्रकवाले हसोत, त्यांना फिकीर नसे. "नुसतं बघून काय कळत न्हाय गं, पाठ टेकली की कळतंय," म्हणायच्या. काय कळायचं, देव जाणे. बेळगावच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग सहकारी. पण पाठ टेकून मला तरी धूळच लागली.

त्यांची आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत राबली आणि लेक मातीच्या भिंतींची तज्ज्ञ झाली. थराथरात प्लास्टिकची भक्कम जाळी अंथरून माती दाबत नेली, की दोन्ही मिळून भिंत होते. भूकंपात तिचं काय होतं हे दाखवायला मॅडमनी उद्यमबागेतल्या कारखान्यातून हादरणारं टेबल बनवून घेतलं होतं.

कणकुंबीकडे एका शाळेवरचा उतार घसरू लागला, तेव्हा मॅडमनी तिथे अशीच भिंत सुचवली. बांधकाम खात्याचे साहेब लोक ऐकेनात. पोरांचा जीव जाळीवर कसा सोपवायचा? मॅडमनी त्यांना सरळ प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर दोन छोट्या भिंती होत्या, एक दगड-सिमेंटची, दुसरी जाळीच्या मातीची. टेबल हादरलं तशी पहिली तडकून आडवी झाली. दुसरीचं पोट जरा सुटलं, माथा खचला, पण ती उभी राहिली.

"सरकली की ओ मॅडम!" मोठे साहेब म्हणाले.

"सरकणारच साहेब. हादरा पचवायचा तर थोडं हलावं लागतंय. पडली न्हाय, ते बघा."

"तुमचं घर बांधाल काय असल्या भिंतीखाली?"

मॅडम हसल्या. "बांधलंय की! निपाणीत मी केलेल्या पहिल्या भिंतीखालीच माझी आई ऱ्हाती. चला, च्या प्यायला."

साहेब खरंच गेले. आई परसात त्याच भिंतीला टेकून शेंगा सोलत बसल्या होत्या. चहा झाला आणि मंजुरीही मिळाली.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ आटोपल्यावर म्हणाल्या, "चल, कणकुंबीला जाऊन येऊ." शाळेची मधली सुट्टी होती. पोरं भिंतीला पाठ लावून ओळीने जेवत होती. मॅडम त्यांच्यात जाऊन बसल्या, शेजारची जागा थोपटत मला म्हणाल्या, "टेक गं."

मी टेकले. या बाईची मी विद्यार्थिनी, या अभिमानाने ऊर भरून आला. साडीची धूळ मी त्या दिवशी झटकली नाही.