राहुकालातली चौकट

आमच्या इमारतीचं काम का रखडलं आहे, याचं लेखी कारण बिल्डर दर तीन महिन्यांनी पाठवतो. कागद नवा असतो, तारीख नवी असते, कारण मात्र तेच: कुशल कामगारांचा तुटवडा. मी आठ घरमालकांच्या संघाचा सेक्रेटरी असल्यामुळे तो कागद बाकीच्या सातजणांना वाचून दाखवणं हे माझं काम. वाचून झालं की सगळे माना हलवतात आणि उत्तरेकडच्या लोकांना नावं ठेवायला लागतात. हे लोक होळीला गेले की येत नाहीत, छठपूजेला गेले की येत नाहीत, आणि निवडणूक आली की मत द्यायला दोन दिवसांचा प्रवास करून जातात. ही शेवटची गोष्ट आमच्या संघाला फारच संशयास्पद वाटते. आमच्यातले निम्मे लोक मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत झोपतात.

खरं कारण मी आजवर कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. ते कारण म्हणजे आमची अक्का आणि तिच्या मांडीवरचं पंचांग.

अक्का माझी थोरली बहीण. शाळेत मास्तरीण होती, लग्न केलं नाही. माझी बायको गेल्यापासून आम्ही दोघंच. चेन्नईच्या टी. नगरमधली आमची जुनी आठ घरांची इमारत पाडून नवी बांधायची ठरली तेव्हा बिल्डरनं दीड वर्ष सांगितलं होतं. दीड वर्षाचाच प्रश्न म्हणून आम्ही दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो. तिथे लिफ्ट नाही. अक्काचे गुडघे तो जिना एकदाच चढले. त्याला आता चार वर्षं होत आली. मधल्या काळात ती दोनदा खाली उतरली, दोन्ही वेळा हॉस्पिटलला जायला, खुर्चीत बसून, दोन माणसांनी उचलून. नव्या इमारतीत आमचं घर तळमजल्यावर आहे.

आता कामगारांचं सांगतो. पूर्वी आमच्या भागात काम करणारा तमिळ मेस्त्री अजून आहे, पण त्याचा एक मुलगा श्रीपेरुंबुदूरला मोटारीच्या कारखान्यात आहे, दुसरा घरोघरी जेवणाचे डबे पोचवतो. "सार, आमच्या घरात आता थापी फक्त दसऱ्याच्या आयुधपूजेला बाहेर निघते," असं त्यानं मला सांगितलं आणि कानावर हात ठेवले. म्हणून बिल्डरनं बिहारचा एक गवंडी आणला. चाळिशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. त्यानं लावलेल्या भिंतीला ओळंबा लावला तर दोरी आणि वीट यांच्यात नखाएवढाही फरक सापडत नसे. गिंडीच्या कारखान्यात मी तीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं आहे, सरळ आणि वाकडं मला कळतं.

आमचा संघ त्याला 'बाहेरचा' म्हणायचा. मीसुद्धा म्हणायचो. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून घोड्यावर बसून तंजावरला आले ते काही इथल्या हवापालटासाठी नव्हे, नोकरीसाठीच आले. त्यांचं कौशल्य तलवारीचं होतं, त्याचाही इथे तेव्हा तुटवडा असावा. पण आम्ही म्हणजे घराणं आणि हा म्हणजे बाहेरचा. संघातल्या बहुतेकांची मुलं अमेरिकेत आहेत, माझाही मुलगा आहे, व्हिसाच्या कागदाकडे डोळे लावून बसलेला. त्याला मात्र आम्ही कामगार म्हणत नाही. तो 'तिकडे सेटल' आहे.

गंमत म्हणजे त्या गवंड्याचं आणि माझं बोलणं व्हायचं तमिळमध्ये. माझी हिंदी परीक्षांपुरती, त्याच्याशी पहिल्या दिवशी ती बोललो तर त्यानं नम्रपणे विचारलं, "सार, तमिळ येतं का?"

तर चौकट. आमच्या गावात घराच्या मुख्य दरवाजाची चौकट अशीच उभी करत नाहीत. मुहूर्त बघायचा, चौकटीला हळदकुंकू लावायचं, वर पिवळ्या फडक्यात नवधान्याची पुरचुंडी बांधायची, आणि मग गवंड्यानं हात लावायचा. चौकट उभी राहिल्याशिवाय तिच्या दोन्ही बाजूंची भिंत पुढे सरकत नाही. एका घराला एक मुहूर्त, यात काही अडचण नसते. आमची घरं आठ होती आणि मालकांची नक्षत्रं आठ होती. सगळ्यांचा भरवसा अक्कावर. तिच्याइतकं पंचांग टी. नगरात कोणाला कळत नाही, असं लोक म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. फोन सकाळपासून सुरू. आडी आणि मार्गळी हे तमिळ महिने अशुभ म्हणून गेले, अष्टमी नको, नवमी नको, मंगळवार नको, राहुकाल नको, यमगंड नको, ज्याच्या नावावर घर त्याला चंद्राष्टम नको. एवढं सगळं वगळून जो दिवस उरायचा त्या दिवशी कोणाची तरी मुलगी अमेरिकेहून येणार असायची, आणि तिच्यासाठी तो दिवसही पुढे जायचा.

तोवर गवंडी विटांच्या ढिगावर बसून राहायचा. बिल्डरचा इंजिनियर त्याला दुसरीकडचं गिलाव्याचं काम द्यायचा, ते संपलं की तो पुन्हा ढिगावर. सात चौकटी बसायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत बिल्डरचे चार कागद आले आणि चारही वेळा आम्ही कुशल कामगारांच्या नावानं बोटं मोडली. तो कुशल कामगार खाली बसून आमच्या मुहूर्ताची वाट बघतोय, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोललो नाही, कारण अक्काला राग येतो.

आठवी चौकट आमची. अक्कानं स्वतःच्या घरासाठी जो मुहूर्त काढला तो तमिळ वैकासी महिन्याच्या अगदी शेवटी, जूनच्या मध्यावर होता. इतका निर्मळ मुहूर्त वर्षात दुसरा नाही, असं तिचं म्हणणं.

मे महिन्याच्या अखेरीला, कत्तिरीच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कडक, उन्हात, गवंडी मला म्हणाला की त्याला मंगळवारी संध्याकाळच्या गाडीनं गावी जायचं आहे. तिकीट दोन महिन्यांपूर्वी काढलेलं. मी कारण विचारलं. त्याचं मातीचं घर आदल्या वर्षीच्या पुरात गेलं होतं. नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, छत नव्हतं. त्याची आई त्या चार भिंतींत प्लास्टिक ताणून राहत होती. त्यांच्याकडे पाऊस जूनच्या मध्याला येतो, त्याआधी स्लॅब पडायला हवा.

"गावातला कोणी गवंडी टाकेल की," मी म्हणालो.

"गावातले गवंडी इथे आहेत, सार," तो म्हणाला. "सगळे. कोणी पेरुंगुडीला, कोणी कोइम्बतूरला, दोघं केरळात. गावात स्लॅबचं काम कळणारा माणूस नाही."

मी इंजिनियरला सांगितलं. तो म्हणाला, "गेला तर दिवाळीपर्यंत दिसणार नाही. दुसरा माणूस मिळणार नाही. सार, तुम्ही वडीलधारे आहात, तुमचं ऐकेल. थांबवा." वडीलधारे म्हटलं की मी लगेच पाघळतो. सोमवारी सकाळी मी गवंड्याला कॉफी पाजली, अक्काच्या गुडघ्यांची गोष्ट सांगितली, नव्या घरात तिला तळमजल्यावर कसं बाहेर फिरता येईल तेही सांगितलं. ते सगळं खरं होतं. म्हणूनच ते सांगताना लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली. त्यानं ग्लास विसळून पालथा घातला. मग "सरी सार" म्हणाला, म्हणजे ठीक आहे. तिकीट उद्या रद्द करतो म्हणाला.

दुपारी जेवताना मी अक्काला मोठ्या रुबाबात सांगितलं, की तुझ्या मुहूर्तासाठी माणूस अडकवून ठेवलाय.

"अडकवून म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. ताकभात कालवता कालवता तिचा हात थांबला.

"त्याची आई कुठं निजती म्हणालास?"

"प्लास्टिकखाली. पण पाऊस अजून पंधरा दिवस…"

"वय काय तिचं?"

"मी कशाला विचारू?"

"मला विचारतोस कीं गुडघा दुखतो का, रोज तीनदा. तिचं एकदा विचारायला काय झालं?" मग तिनं उष्ट्या हातानंच पंचांगाकडे बोट केलं. "तें मिटव. चौकट कधी यायची?"

चौकट लाकडाच्या वखारीतून मंगळवारी दुपारी तीनला येणार होती. मंगळवारचा राहुकाल तीन ते साडेचार. शिवाय त्या दिवशी अष्टमी. यापेक्षा वाईट वेळ शोधायची म्हटली तरी पंचांगात सापडली नसती, आणि हे मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "मला नक्को शिकवू." आणि ताकभात संपवला. तिकीट रद्द करू नकोस, असा निरोप मी गवंड्याला लगेच दिला.

मंगळवारी तीनला चौकट आली. मी अक्काला व्हिडिओ कॉल लावून फोन विटांवर उभा केला. गवंड्याला म्हटलं, बसव, आणि गाडी पकड. त्यानं घड्याळाकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

"सार, राहुकालम."

सात चौकटींमध्ये त्याला आमचं सगळं शास्त्र पाठ झालं होतं. तो थापीला हात लावेना. म्हणाला, उद्या घरात काही वाईट झालं तर लोक म्हणतील बिहाऱ्यानं राहुकालात चौकट लावली. यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. आमच्या संघानं नेमकं तेच म्हटलं असतं.

फोनमधून अक्काचा आवाज आला. चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज. "तंबी, भावा, तो राहू माझ्या घरचा आहे. त्याचं मी बघून घेते. तू तुझ्या आईचं बघ. लाव!"

त्यानं लावली. घाई असूनही ओळंबा तीनदा धरला. हळदकुंकू मीच लावलं, वेडंवाकडं, आणि पुरचुंडीतले दोनचार मूग खाली सांडले. साडेचारला तो हातपाय धुऊन रिक्षात बसला. मी पिशवीत दहीभात आणि लिंबाचं लोणचं दिलं. अक्कानं सांगितलं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी संघाची तातडीची सभा झाली. विषय एकच, इमारतीच्या तळमजल्यावर राहुकालात बसलेली चौकट. वरच्या सगळ्या घरांवर त्याचा परिणाम काय होईल, यावर दीड तास चर्चा झाली. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, काढून पुन्हा बसवा. मी विचारलं, बसवणार कोण? तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं की कुशल कामगारांचा तुटवडा आहे.

तो परत आला नाही. त्यानं गावी आठ दिवसांत स्वतःच्या हातानं छत टाकलं. ते बघून शेजारच्यानं बोलावलं, मग पलीकडच्या वस्तीनं. गावात गवंडी आला आहे ही बातमी पसरली तशी त्याच्या दारात लोक येऊन बसायला लागले. आता त्याला तिथेच रोज काम आहे. मी त्याला दोनदा फोन करून ये म्हणालो, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा आवाजही चढवला. तो "सरी सार" म्हणाला, पण या वेळी त्या सरीचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता.

आमच्याकडे फरश्या राहिल्या, जिना राहिला, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलं. बिल्डरचा पुढचा कागद आला. मी वाचून दाखवला, माना हलल्या. रात्रंदिवस मला अक्काचा राग यायचा आणि तो दाखवायची सोय नव्हती, कारण तिनं केलं ते बरोबर होतं. बरोबर वागणाऱ्या माणसाबरोबर एका घरात राहणं फार त्रासाचं असतं. ती मात्र रोज खिडकीत बसून खालचा रस्ता बघायची, भाजीवाल्याला वरून दोरीनं पिशवी सोडायची, आणि पंचांग कोणी विचारलं तर म्हणायची, माझा चष्मा बदलायचाय.

ऑगस्टमध्ये एका दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला, अक्काशी बोलायला. मागे पावसाचा इतका आवाज की त्याला ओरडावं लागत होतं. त्यानं फोन वर फिरवला. करडं, कोरडं छत. एकही डाग नाही. मग खाली फिरवला. खाटेवर एक म्हातारी पाय पसरून बसली होती, अक्कापेक्षाही थकलेली. ती फोनकडे बघून काहीतरी म्हणाली. आम्हाला कळलं नाही.

तो जरा घुटमळला. मग तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, आई विचारतेय, तुमचं घर झालं का?"

मी तोंड उघडणार होतो. अक्कानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"झालं म्हणून सांग," ती त्याला म्हणाली. "कधीच झालं. खालीच राहतो आम्ही. रोज संध्याकाळी फिरून येते मी."

आमच्या घराची चौकट कुठवर आली होती आणि भिंत कुठे थांबली होती, ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी तो आईकडे वळून त्यांच्या भाषेत बराच वेळ सांगत बसला, आणि म्हातारीनं खाटेवरून दोन्ही हात जोडले.