महेशचं लॉगिन

भूतबीत मी मानत नाही, हे आधीच सांगते. पुण्यात कॉम्प्युटर सिक्युरिटीत नोकरी करते. दिवसभर कुणाच्या सिस्टीममध्ये कोण घुसलं तेच शोधायचं... आणि प्रत्येक वेळी शेवटी माणूसच सापडतो. हुशार नाहीतर हरामखोर, पण माणूस! म्हणून हे लिहिताना माझी मलाच चीड येते. कुणाला उत्तर सुचलं तर जरूर सांगा, फक्त "शांत करून घ्यायची होती" असले सल्ले नकोत.

२००२-०३ चा सुमार. कोल्हापूरच्या बाहेर माळावर आमचं कॉलेज, मी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. माझी लॅब पार्टनर सुवर्णा, मलकापूरची. तिचा थोरला भाऊ महेश याच कॉलेजात दोन वर्षं पुढं होता. त्याचे विषय राहिले, घरी वडील नको ते बोलले, आणि पोरगा हॉस्टेलवरून निघाला तो परत आलाच नाही. वर्ष उलटून गेलेलं. पोलीस झाले, पाहुणेरावळे पालथे घालून झाले... काही नाही. पोरगं जिवंत आहे की नाही, एवढंच त्यांच्या आईला कळायला हवं होतं. तेवढ्यासाठी ती बाई दाराला कडी न लावता झोपायची.

लॅबच्या सर्व्हरवर 'टॉक' नावाची सोय होती. स्क्रीनचे दोन भाग व्हायचे. वर आपण लिहायचं, खाली समोरचा. तो टाईप करेल तसं एकेक अक्षर उमटायचं, खोडलं तर खोडलेलंही दिसायचं. एका दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना सुवर्णाला टॉकचं बोलावणं आलं. महेशच्या लॉगिनवरून.

"कुणीतरी चेष्टा करतंय," मी म्हटलं. आमच्या वर्गात तसले नग होतेच.

समोरचा तोच आहे का हे कसं ओळखायचं, ते आम्हाला नुकतंच शिकवलेलं — फक्त त्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं. सुवर्णानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "लहानपणी माझं काय मोडलंस?"

मग खाली अक्षरं उमटायला लागली.

"दात. तू आईला पायरीवरून पडले म्हणालीस. माझं नाव घेतलं नाहीस."

सुवर्णानं तोंडावर हात दाबला. "हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच म्हाईत न्हाय गं," ती म्हणाली. "दादाच हाय."

खाली अजून उमटत होतं. "रविवारी आईला गगनबावड्याच्या स्टँडवर पाठव. एकटीला. मी येतो." आणि टॉक बंद झालं.

टॉक कुठल्या मशीनवरून आलं ते मी लगेच बघितलं. कोपऱ्यातलं. ते मशीन उघडून ठेवलेलं होतं, आतला पॉवर सप्लाय दुरुस्तीला गेलेला. सरांनी बघितलं तर महेशचं लॉगिनही तो गेल्यापासून लॉक होतं. "कायतरी बग असणार," एवढं बोलून सर चहाला गेले. आम्हीही ते सोडून दिलं... हरवलेला भाऊ बोलायला लागल्यावर मशीनचं कोण बघतंय?

रविवारी रंकाळा स्टँडवरून आम्ही आईला गाडीत बसवून दिलं. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि महेशचा स्वेटर. "बावड्यात लई गारठा असतोय," आई सांगत होती. "माझं पोर वाळलं असंल."

तिकडं तेव्हा धो-धो पाऊस. बाई दिवसभर स्टँडवर बसून राहिली. पोरगं दिसायला हवं म्हणून आत शेडमध्येही गेली नाही. शेवटची गाडी सुटायला आली तेव्हा कंडक्टरनं हाताला धरून चढवलं. परत आली तेव्हा दात वाजत होते, आणि पिशवीतलं काही खाल्लं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला पुन्हा टॉक आलं. सुवर्णानं लिहिलं, "का आला नाहीस?"

"आलो होतो."

"मग?"

"आई किती वेळ थांबते ते बघत होतो."

खाली अजून अक्षरं येतच होती, निवांत, एकही न खोडता — "पुढच्या रविवारी परत पाठव." मी सरळ वायर उपसली.

पुढं काही आठवड्यांनी राधानगरीच्या जंगलात महेश सापडला. म्हणजे हाडं आणि बेल्ट. हॉस्टेलवरून निघाला त्याच सुमाराला संपला होता, असं डॉक्टर म्हणाले. गगनबावड्याकडं तो गेलाच नव्हता.

कुणाची चेष्टा म्हणावी, तर दाताचं कसं कळलं? बंद मशीन, लॉक लॉगिन... इतकी वर्षं याच धंद्यात आहे, सगळ्या बाजूंनी उलटंपालटं करून बघितलं. उत्तर नाही. महेशचा आत्मा म्हणावं, तर सुवर्णा एकच सांगते, "माझा दादा असला नव्हता." मग त्याचं सगळं ठाऊक असलेलं ते होतं कोण? त्या विचारानं मला आजही भीती वाटते, आणि संतापही येतो.

मध्यंतरी मलकापूरला गेले होते. सुवर्णा माहेरी आलेली, भाजी निवडत बसलेली. आईनं मला चहा दिला आणि आपणहूनच विषय काढला.

"मेल्यावर बी मला भेटाय येत हुतं गं पोर. बोलावलं हुतं की त्यानं. मीच शेवटची गाडी धरून आलो. रातभर थांबाय पायजे हुतं."

सुवर्णानं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशीच्या टॉकबद्दल आम्ही आईला अजून सांगितलेलं नाही.