मागची गाडी

ज्या शर्यतीत मी पहिली आले, त्याच शर्यतीत मला बाद केलं. हे सांगितलं की लोक हटकून एकच विचारतात, "पन तुहे बाबा मधात कायले आले?" मधे आणखी तिघं आले होते. त्यांच्याबद्दल अजून कोणी अवाक्षर काढलेलं नाही.

आमचं गाव आसेगाव. मी मंगरूळपीरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. पुण्याच्या मावसभावानं हौसेनं रेसिंगची सायकल घेतली, त्याची पाठ धरली, आणि ती सायकल फिरत फिरत माझ्याकडे आली. खाली वाकलेलं हँडल, बोटभर रुंदीचे टायर, आणि पेडलात अडकणारे बूट. पहिल्याच दिवशी बसस्टॉपजवळ बकऱ्या आडव्या आल्या म्हणून थांबले, पाय काही सुटेना, आणि उभ्या उभ्या आडवी झाले. पानठेल्यावरची सगळी मंडळी बघत होती. एक बाई धावत आली, "चक्कर आली का वं?" मी हो म्हणाले. बुटांचं समजावून सांगण्यापेक्षा चक्कर सोपी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले तर मागून बाबांची मोटरसायकल. मी थांबले की तेही थांबत.

"बाबा, कुठं चालले?"

"वावरात."

आमचं वावर गावाच्या अगदी उलट्या अंगाला आहे. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. पण ते मान वळवून कोणाच्या तरी तुरीकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून रोज तसंच. पुढे मी, मागे ती गाडी. मी जोर लावला की मागचा आवाज चढायचा, मी दम खाल्ला की उतरायचा. मला चीड यायची. आमच्याकडे बाई घराबाहेर पडली की तिच्या मागे घरातल्या कुणा पुरुषाची गाडी असतेच. परीक्षेला, दवाखान्यात, मैत्रिणीच्या लग्नाला. याला बंदी कोणी म्हणत नाही. काळजी म्हणतात, आणि काळजीशी भांडता येत नाही. आईला म्हटलं तर ती म्हणाली, "लोकाच्या पोरीच्या मांगं असं रोज कोनी जात नाई, तुह्या मांगं तुहा बाप जाते, तं तुले जड झालं?" रागाला उत्तर सुचलं नाही म्हणून राग कमी होत नाही.

वाशीमला दर रविवारी काही जण रेसिंगच्या सायकली घेऊन निघतात. मी त्यांच्यात जायला लागले. तिथं कळलं, शर्यत म्हणजे नुसतं जीव तोडून पेडल मारणं नव्हे. पुढच्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून चालवायचं. वारा त्यानं खायचा, आपण दम राखायचा, मग आपली पाळी आली की पुढे जाऊन आपण खायचा. याला ते चाक धरणं म्हणतात. मला ते आधी जमेचना. पुढे कोणी असायची सवयच नव्हती, माझी सगळी सवय मागच्या आवाजाची. सारखा ब्रेक लावायचे, मागचे ओरडायचे. पण मला वळायला चांगलं यायचं. आमच्या रस्त्यावर हंगामात लोक सोयाबीन वाळत घालतात, अर्धा डांबरी रस्ता दाण्यांचा आणि उरलेला अर्धा एसटीचा. त्यातून रोज जी सायकल काढते तिला वळणाची कसली भीती?

मग शर्यत जाहीर झाली. वाशीमहून अनसिंगला जायचं, तिथं रस्त्यात ठेवलेल्या ड्रमाला वळसा घालायचा आणि परत. महिलांचा वेगळा गट. नंबर यावा अशी इच्छा होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी इच्छा एकच होती. एक शर्यत, एकदाच, मी एकटीनं पूर्ण करायची. मागे घरची गाडी नाही.

बाबांना आदल्या दिवशी बजावलं. "शर्यतीत मागून यायचं नाही. घरच्यांची गाडी दिसली की मला बाद करतील."

"नाई येत," ते म्हणाले. "अनसिंगच्या हॉटेलात चहा पेत बसतो. तू ये अन् वापस जाय."

सकाळी आम्ही बूट घालून तयार, आणि प्रमुख पाहुणे घरून निघालेच नव्हते. ते आले, नारळ फुटला, सत्कार झाले, सत्काराला उत्तरं झाली. ऊन डोक्यावर आलं. पुरुष सुटले, त्यांच्या पुढेमागे शिट्ट्या वाजवत मोटरसायकली गेल्या. मग माईकवरचे गृहस्थ म्हणाले, "आता आपल्या भगिनी. जोरदार टाळ्या, निकालाला महत्त्व नाही, सहभागाला आहे." माझ्या निकालाला महत्त्व नाही हे यांना कोणी सांगितलं? आम्हा भगिनींच्या वाट्याला शिट्टी नाही, मोटरसायकल नाही. पंचांची एक कार तेवढी, सगळ्यांत मागच्या बाईपासून पुढच्या बाईपर्यंत येरझाऱ्या घालणारी.

जाताना वारा समोरून होता. आम्ही एकमेकींची चाकं धरून गेलो. पाळी आली की पुढे जायचं, दम संपला की बाजूला व्हायचं. अनसिंगला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी, शंकरपटात धावत्या बैलजोडीला ओरडतात तशी आम्हाला ओरडत होती. हॉटेलच्या बाकावर बाबा दिसले. त्यांनी हात वर केला नाही, नुसते उठून उभे राहिले. ड्रमाला माझ्या बरोबरच्या सगळ्या जपून वळल्या. मी नाही. बाहेर पडले तेव्हा माझ्यात आणि त्यांच्यात चांगलं अंतर पडलं होतं. मी उभी राहून पेडल मारलं, आणि मारतच राहिले.

थोड्या वेळानं लक्षात आलं की मागे काहीच वाजत नाही. पाठीवर वारा, खाली चेनची बारीक घरघर, आणि माझा श्वास. इतका रस्ता मी आयुष्यात पहिल्यांदाच एकटीनं वापरत होते. मला हसू यायला लागलं.

आणि मग गाडीचा आवाज आला. वाटलं, आले शेवटी बाबा. पण एका मोटरसायकलवर तीन पोट्टे होते, मधल्याच्या हातात मोबाईल.

"ओ मॅडम, मांगचं चाक फिरून राह्यलं!"

हे मी गावात हजारदा ऐकलंय. बघितलं नाही. ते बरोबरीनं चालवू लागले. मग हँडलच्या जवळ. मग पुढे जाऊन मुद्दाम हळू. मी बाजूनं काढली की पुन्हा बरोबरीनं. मोबाईल माझ्या तोंडापासून हातभर. "थकली का? धक्का देऊ का?" म्हणून मागच्यानं माझ्या पाठीवर पंजा ठेवला. सायकल हेलकावली. सगळ्यांत मागे राहिलेल्या बाईबरोबर अजून अनसिंगकडे येणारी पंचांची कार समोरून आली. मी हात वर करून जोरजोरात हलवला. आतल्या माणसानं हसून हात हलवला आणि कार निघून गेली. त्यांना वाटलं, भगिनी खूश आहे.

बाबा आले ते हॉर्न दाबूनच. ते पोट्टे माझ्यामागे सुटलेले त्यांनी हॉटेलातून पाहिले होते. त्यांनी गाडी सरळ माझ्या आणि त्यांच्या मधे घातली. आयुष्यात ऐकल्या नव्हत्या अशा शिव्या बाबांच्या तोंडून ऐकल्या. पोट्टे हसत हसत शेतांमधल्या एका पांदणीत वळून दिसेनासे झाले. मला वाटलं, आता बाबा थांबतील. पण ते माझ्या पुढे गेले आणि मान मागे वळवून वळवून चालवू लागले.

"चाल, माय! मी हाये!"

"बाबा, हटा! मला बाद करतील!"

"मी मांगं नाई ना! पुढं हाये!"

मी रस्त्याच्या या कडेला गेले की ते या कडेला, त्या कडेला गेले की त्या. पंचांची कार मागून परत आली ती नेमकी तेव्हा. या वेळी मात्र त्यांना सगळं स्वच्छ दिसलं.

मी पहिली पोचले. टाळ्या झाल्या. मग पंचांनी मला बाजूला बोलावलं. "तुमच्या घरची गाडी पुढे होती. मॅडम, नियम म्हणजे नियम."

बाबा धावत आले. हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरीनं सांगतलं होतं, मांगं यायचं नाई. मी मांगं नव्हतोच. सारा रस्ता पुढंच होतो."

पंचांनी माझ्याकडे बघितलं, जणू म्हणत होते, बघा, कबूलच करतात. वारा पाठीवर असला तरी पुढच्या गाडीच्या आडोशाला समोरची हवा कापावी लागत नाही, तीच तर सगळ्यांत मोठी मदत. बाबांना हे कोण सांगणार? त्यांनी आयुष्यभर पोरीच्या मागेच गाडी घातलेली. त्यांना वाटलं होतं, पुढे गेलं म्हणजे नियम पाळला.

"आणि ते तिघं?" मी विचारलं. "माझ्या पाठीला हात लावला त्यांनी. तुमची कार समोरून गेली."

"ते तुमच्याशी संबंधित नव्हते. प्रेक्षक होते. प्रेक्षकांबद्दल नियमात काही नाही."

मी खूप बोलले. आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही राग आला. बापानं वाचवलं तर पोरगी बाद, आणि अनोळखी हात पाठीवर पडला तर तो प्रेक्षक! कोणी बसून लिहिले हे नियम? त्यांच्यापैकी एकाला तरी कधी कोणी विचारलं होतं का, धक्का देऊ का म्हणून? पंच म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी बघू." माईकवर दुसऱ्याच तिघींची नावं घेतली.

परत येताना बाबा मला म्हणाले, "थे पोट्टे तुह्या आंगावर गाडी घालून राह्यले होते. मी का चहा पेत बसू?" मी म्हणाले, "मी निस्तरलं असतं." निस्तरलं असतं का, हे मला आजही माहीत नाही. ते शोधायची संधी मात्र माझी होती.

गावात बातमी पोचली ती अशी, की बापानंच पोरीला हरवलं. पानठेल्यावर त्यांना तोंडावर विचारलं गेलं. त्यानंतर मी पहिल्यांदा सायकल काढली तेव्हा ते दारात उभे होते, गाडीची चावी खुंटीलाच होती.

"जाय," म्हणाले. "मी नाई येत आता."

मला हवं होतं ते हेच. गाव मागे पडलं, दोन्हीकडे शेतं, माणूस दिसेना. मी वेग धरला. थोडं पुढे गेले असेन, मागून मोटरसायकलचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. हात हँडलवर घट्ट झाले, पाठ आपोआप आखडली, आणि माझ्या मनात आलं, बाबांचीच असू दे, देवा, बाबांचीच असू दे. त्या पंचांचा आला नव्हता, त्या पोट्ट्यांचाही आला नव्हता, इतका राग मला देवाकडे केलेल्या त्या एका मागण्याचा आला.