कपाटापलीकडची ‘दवंडी’

आमच्या ऑफिसात बॅकअप रोज घ्यायचे. किश्शांचा कुणी घेतला नाही, तरी त्यातला एकही डिलीट झालेला नाही!

कॅनडा कॉर्नर चौकाजवळच्या एका खोलीत गायधनी सर आणि निकम सर यांनी ‘दवंडी’ बनवली होती. इंटरनेटवरून फोन जोडून देणारा सर्व्हर. फुकट, आणि कोड सगळ्या जगाला खुला. मी कॉलेज संपवून नुकतीच लागले होते.

पहिल्याच महिन्यात दोघांचं वाजलं. निकम सरांना कॉल जोडण्याचा भाग नव्याने लिहायचा होता. गायधनी सर म्हणाले, "चालतंय ना? मग हात लावू नकोस."

निकम सर मूळचे सटाण्याचे. चिडले की अहिराणीत शिरायचे. "हाऊ मना बी कोड शे!" म्हणजे, हा माझाही कोड आहे!

त्यांनी कोडची कॉपी घेतली, तिला ‘नवी दवंडी’ नाव दिलं आणि दोघांच्या टेबलांमध्ये लोखंडी कपाट सरकवलं. परवानगी कुणाची घ्यायची? कोड खुलाच होता!

*

बोलणं फक्त ईमेलवर. तेही जगभरातले वापरणारे वाचतात त्या लिस्टवर! एका जर्मन माणसाने विचारलं, "तुम्हा दोघांच्या गावांत अंतर किती?"

निकम सरांचं उत्तर : "एक कपाट."

*

मरण माझं. एकच चूक दोन्हीकडे दुरुस्त करायची. वर गायधनी सर माझ्या प्रत्येक बदलावर शेरा मारणार, "पुन्हा बघ." निकम सर, "घाई केलीस."

एकदा मी ओरडलेच, "एक व्हा, नाहीतर मी चालले!"

कपाटाच्या दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला, "त्याला सांग!"

*

ओझरच्या एका कारखान्यात ‘नवी दवंडी’ बसवली. तिथला प्रत्येक कॉल अर्ध्या मिनिटात तुटायला लागला. निकम सर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी लिस्टवर नेमकी दुरुस्ती आली. पाठवणारे गायधनी सर! म्हणजे हा माणूस रोज घरी जाऊन कपाटापलीकडचा कोड वाचत होता!

निकम सरांनी ती जशीच्या तशी घेतली. नोंदीत लिहिलं, ‘दुरुस्ती : गायधनी.’ मग कपाटाकडे तोंड करून मला ओरडले, "सायली, तीन चहा सांग!"

*

कपाट भिंतीला गेलं. दोन्ही कोड एकत्र करताना आमचा घाम निघाला, पण जमलं. उरली फक्त लेखकांची यादी.

"त्याचं नाव आधी टाक," निकम सर म्हणाले.

"छे! त्याचं आधी," गायधनी सर.

झालं! पुन्हा अबोला. तिसऱ्या दिवशी निकम सर कपाटाकडे बघायला लागले, तेव्हा माझं डोकं सटकलं. यादीत सगळ्यात वर मी माझं नाव टाकलं आणि बदल दोघांच्या मंजुरीला पाठवून दिला.

पाच मिनिटांत दोन शेरे आले. दोन्ही एकच :

‘योग्य दुरुस्ती.’